अंजम्माचा अंगठा

माकणीच्या कागदखान्यात मजुरांची जी संघटना झाली, तिचं सरकारी नाव होतं अंजुमन-ए-मजदूरान-ए-कागदसाजी. हे नाव एका दमात म्हणून दाखवील असा माणूस अख्ख्या माकणीत एकच होता, आणि त्यालाही मध्ये एकदा आवंढा गिळावा लागे. तो म्हणजे शांतलिंग. लोहाऱ्याच्या शाळेत उर्दू सातवीपर्यंत शिकलेला, आणि आता हौदावर उभा राहून साच्यानं कागद उचलणारा. बाकीच्यांनी त्या लांबलचक नावातला पहिला शब्द तेवढा घेतला आणि तोही आपल्या तोंडाच्या मापाचा करून टाकला. अंजुमनची झाली अंजम्मा.

यात एक सोय होती. मुकादमासमोरही खुशाल बोलता यायचं.

"अंजम्माला कसं हाय गं?"

"बरं हाय. आज सिताबाईकडं मुक्काम हाय तिचा."

मुकादम महालिंगप्पाला वाटे, कुणीतरी म्हातारी आजारी आहे आणि या बाया पाळीपाळीनं तिला सांभाळताहेत. माणूस आतून मऊ. एकदा त्यानं त्या म्हातारीसाठी घरून दोन लिंबं आणून दिली. बायांनी मान खाली घालून ती घेतली आणि दुपारी भाकरीबरोबर खाऊन टाकली.

कागदखाना कल्याणप्पांचा. जातिवंत व्यापारी, लिंगवंत, कपाळावर तीन पट्टे भस्म आणि बोलणं नेहमी हळू. लढाईच्या दिवसांत कागदाचा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तेरणेच्या काठावर चार पत्र्याच्या शेड घातल्या, एक तेलाचं इंजन बसवलं आणि कचेऱ्यांना कागद पुरवायला सुरुवात केली. सोलापूर-लातूरकडून चिंध्यांच्या गाड्या येत. चिंध्या निवडायच्या, पात्यावर बारीक करायच्या आणि मग चुन्याच्या पाण्यात आठ-आठ दिवस भिजवून हातानं चोळायच्या, पिळायच्या. पुढं इंजन त्यांचा लगदा करी आणि शांतलिंगसारखे पुरुष तो साच्यावर धरत. निवडणं, चोळणं, पिळणं हे बायांचं काम. त्यातही चुन्याच्या हौदावर दहाजणी ठरलेल्या होत्या.

रुद्रम्मा त्या दहांतली. पस्तिशी ओलांडलेली, नवरा प्लेगात गेलेला, घरात ती आणि तिची सासू पार्वतम्मा, दोघीच. रुद्रम्मा उंच होती, आवाजानंही मोठी होती, आणि हौदावर कुणाची थट्टा करायची असली तर पहिलं तोंड तिचं उघडे. पण गेलं वर्षभर तिची एक नवीन सवय झाली होती. काम संपलं की ती दोन्ही हात पदरात गुंडाळून घेई. वैशाखाच्या उन्हातही.

त्याचं कारण नागूबाई. नागूबाई हौदावरची अकरावी. वर्षापूर्वी तिची बोटं पेरापेराशी उकलली, त्यातून पाणी आणि रक्त यायला लागलं, आणि एक दिवस वाळत घातलेल्या कागदांवर तांबूस ठिपके निघाले. कचेरीनं दोन गठ्ठे परत पाठवले. कल्याणप्पा रागावले नाहीत, ते रागावत नसतच. महालिंगप्पाकरवी त्यांनी एवढंच कळवलं, की जिचा हात फुटला तिनं घरी बसावं, हात बरा झाला की यावं. चुन्यानं फुटलेला हात घरी बसून बरा होतो की नाही ते नागूबाईलाच ठाऊक. तिला काही परत बोलावणं आलं नाही. आणि त्या दिवसापासून हौदावरच्या दहाजणी आपापले हात लपवायला शिकल्या. मुकादमापासून लपवायचे, तसेच एकमेकींपासूनही. तोंडातून गेलेली गोष्ट कुठवर जाईल कुणी सांगावं?

रुद्रम्माचे हात दोनच ठिकाणी उघडे पडत. एक, सकाळी लिंगपूजेला. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसलं की तळव्याच्या भेगा दिसत, आणि भस्म लावताना त्या अशा चरचरत की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पार्वतम्माला वाटे, सून भक्तीनं रडते. ती शेजारीपाजारी तसं सांगतही असे.

दुसरं ठिकाण म्हणजे सखूबाईचा मेंढवाडा.

सखूबाई बिरू धनगराची बायको. नदीच्या वरच्या अंगाला त्यांची मेंढरं असत. तिच्याकडं मेंढीच्या दुधाचं लोणी मिळे आणि भेगांना त्यानं जरा तरी उतार पडे. रुद्रम्मा पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं लोणी खायला हवंय असं सांगितलं. सखूबाईनं तिच्या हाताकडं एकदा बघितलं आणि लोण्याचा गोळा पानावर द्यायच्या ऐवजी तिच्या तळहातावरच चोळायला घेतला.

"कुनाला सांगू नगं," रुद्रम्मा म्हणाली.

"न्हाय सांगत."

"शपथ घे."

"बिरुबाची आन." सखूबाईनं आपल्या देवाचं नाव घेऊन एवढंच म्हटलं आणि ती अंगठ्याच्या बेचक्यात लोणी जिरवत राहिली.

सखूबाई कमी बोलणारी. तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवा वण होता, लहानपणी पाला तोडताना विळा लागलेला. त्या वणाचा खरखरीतपणा रुद्रम्माला आपल्या तळव्यावर कळे. स्वतःच्या अंगठ्यानं मात्र तिला हल्ली काहीच नीट कळत नव्हतं. धान्याच्या रेशनला लोहाऱ्याला गेली तेव्हा कारकुनानं तिचा अंगठा तीनदा उठवून घेतला आणि तिन्ही वेळा कागदावर नुसता काळा गोळा उमटला. "हा अंगठा हाय का वांगं?" कारकून म्हणाला. मागची माणसं हसली. रुद्रम्मानं घरी येऊन दिव्याजवळ अंगठा धरला. रेघा नव्हत्याच. पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. कागदखान्यात हजेरीला पत्र्याचा बिल्ला असायचा, अंगठा कधी लागत नसे, म्हणून इतके दिवस ते ध्यानातच आलं नव्हतं.

हे आपल्या एकटीचंच झालं आहे अशी तिची खात्री होती.

शांतलिंगच्या डोक्यात अंजम्मा शिरली ती एका उर्दू वर्तमानपत्रातून. मजुरांनी संघटना करून सरकारदरबारी नोंद करावी, असा कायदा राजधानीत, हैदराबादेत, निघाल्याचं त्यानं वाचलं. तो तडक कल्याणप्पांकडं गेला. मागणी तीन गोष्टींची. हौदावरच्या बायांना पंधरा दिवस चुना आणि पंधरा दिवस निवडीचं काम अशी पाळी द्यावी. हाताला लावायला करडईचं तेल द्यावं. आणि नागूबाईला निवडीवर परत घ्यावं.

कल्याणप्पांनी शांतपणे ऐकलं. "तू एकटा आलास, उद्या दुसरा एकटा येईल," ते म्हणाले. "मी कुणाकुणाशी बोलू? तुमची ती जी काय अंजुमन आहे, तिच्यावर सरकारी शिक्का आण. मग तिच्याशी बसून बोलतो. शब्द आहे माझा."

शब्दाला कल्याणप्पा पक्के होते, हे सगळ्या माकणीला माहीत होतं. हेही माहीत होतं की सरकारी शिक्का मिळणं सोपं असतं तर त्यांनी असा शब्द दिलाच नसता.

शांतलिंगनं दरखास्त, म्हणजे नोंदणीचा अर्ज, लिहिली. त्याच कागदखान्याच्या चांगल्या घोटलेल्या कागदावर, सुंदर उर्दूत. नावं लिहिताना रुद्रम्मा त्याच्या दाराशी उभी होती.

"नागूबाईचं लिव्हलं का?"

"अक्का, ती कामावर न्हाय. कामावर न्हाय तिला मेंबर कसं करावं?"

"तिच्यापायी तर अंजम्मा आनायलाव आन् तीच न्हाय व्हय तिच्यात? मग माजंबी खोड."

शांतलिंगनं नागूबाईचं नाव लिहिलं. अकरा बाया झाल्या आणि चौदा पुरुष.

पुरुषांच्या सह्या-अंगठे त्यानं आपल्या घरीच उरकले. बायांना तिथं गोळा केलं असतं तर गावात दहा गोष्टी उठल्या असत्या, आणि मुकादमाला वास लागला असता तो वेगळाच. म्हणून अंजम्मा टोपलीत बसून घरोघर फिरली. खाली दरखास्त, तिच्यावर शाईत भिजवलेली चिंधी एका शिंपल्यात, आणि वर निवडलेल्या वालाच्या शेंगा. एका घरी एक दिवस. कुणाचं नाव कुठल्या ओळीत आहे ते शांतलिंगनं प्रत्येकीला बोटानं दाखवून ठेवलं होतं.

रुद्रम्माकडं टोपली आली ती पाचव्या दिवशी. तिनं सासूची नजर चुकवून कागद उलगडला. आधीच्या चार जणींचे अंगठे तिथं होते. काय सुरेख उमटले होते! गोल-गोल रेघा, एकीतून एक निघालेल्या. सिताबाई तर तिच्याच शेजारी बसून चुना चोळायची, आणि तिचा अंगठा असा? रुद्रम्माला सिताबाईचा हेवा वाटला आणि स्वतःची लाज वाटली. आपला काळा गोळा या चार अंगठ्यांखाली उमटला की कचेरीत विचारणार, ही कोण? हिचा हात असा कसा? कल्याणप्पांच्या कानावर जाणार. नागूबाईशेजारी घरी बसायची पाळी येणार. मग पार्वतम्मानं काय खायचं?

आणि अंगठा लावलाच नाही, तर शांतलिंगला काय सांगायचं?

दुपारी ती टोपली घेऊन मेंढवाड्यावर गेली.

"सखू, माजा अंगठा लाव."

सखूबाई कोकराला पाजत होती. तिनं मान वर करून बघितलं. काही बोलणार असं वाटलं, पण बोलली नाही. तिच्या अंगठ्यावर आधीच काळसर डाग होता. तव्याची काजळी असेल, रुद्रम्माला वाटलं.

"ह्याच्यानं मला कुनी धरून तर न्हेनार न्हाय?" एवढंच तिनं विचारलं.

"न्हाय गं. नाव माजंच हाय. तुजा निस्ता अंगठा. पन कुनाला सांगू नगंस."

"बिरुबाची आन," सखूबाई म्हणाली, आणि शाईत अंगठा बुडवून रुद्रम्मानं दाखवलेल्या ओळीवर दाबला. फार छान उमटला. रुद्रम्मा घरी जाताना गुणगुणत होती.

चंपाषष्ठी होऊन आठवडा झाला आणि लोहाऱ्याच्या कचेरीचं बोलावणं आलं. दरखास्त हैदराबादेला जाण्याआधी सह्या-अंगठ्यांची तहसीलदारांसमोर तस्दीक, म्हणजे खातरजमा, व्हायची होती. सगळ्यांनी हजर राहायचं होतं. मालकालाही बोलावणं होतं. त्या दिवशी महालिंगप्पाला अंजम्मा कोण ते कळलं, आणि तो बिचारा दिवसभर आपल्या दोन लिंबांचा विचार करत बसला.

पंचवीस माणसं तीन बैलगाड्यांतून गेली. बाया एका गाडीत. थंडी होती, त्यामुळे सगळ्यांचेच हात पदराखाली होते आणि ते कुणाला खटकायचं कारण नव्हतं. नागूबाई कोपऱ्यात बसली होती. कुणी तिच्या हातांकडं बघत नव्हतं, म्हणजे सगळ्याच बघायचं टाळत होत्या.

तहसीलदार बिदरकडचे, म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांना मराठी कळे, कानडी कळे, पण घाई कळत नसे. त्यांच्याजवळ पेशकार, कागदपत्र वाचून दाखवणारा कारकून. तो तरणा आणि फार चलाख. कल्याणप्पा एका बाजूला खुर्चीवर बसले होते, मांडीवर टोपी.

पेशकारानं पुरुषांची नावं वाचली, सह्या जुळवल्या. मग बायांच्या ओळींवर आला आणि थांबला. कागद उजेडाकडं धरला. खणातून भिंग काढलं. एका अंगठ्यावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, शेवटपर्यंत भिंग फिरवून त्यानं कागद साहेबांसमोर ठेवला.

"हुजूर, औरतां ग्यारह हैं. अंगूठा एकीच है."

कुणाला काही कळेना. पेशकारानं बोटानं दाखवलं. प्रत्येक अंगठ्यात मधोमध आडवी पांढरी रेघ होती. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत तीच रेघ, त्याच जागी.

"ये जालसाजी है," तो म्हणाला आणि शांतलिंगकडं वळला. "तूने लिखा ना? खुदीच अंगूठे मारा तू!"

शांतलिंगनं आपला डावा अंगठा पुढं केला, त्यावर वण नव्हता. पण पेशकार ऐकायला तयार नव्हता. खोटी दरखास्त, सरकारची फसवणूक, हवालात, असे शब्द तो भराभर बोलू लागला. दारातला शिपाई दोन पावलं आत आला. पुरुष बायांकडं बघू लागले आणि बाया जमिनीकडं.

आडवी रेघ म्हणजे सखूचा वण, हे रुद्रम्माला पहिल्या क्षणीच कळलं होतं. माझ्या ओळीत तो आहे हे खरं. पण अकराही ओळींत? सिताबाईच्या ओळीत सखूचा अंगठा कशाला येईल?

तिनं सिताबाईकडं बघितलं. सिताबाईचे हात पदरात गुंडाळलेले होते. तिच्या पलीकडचीचे गुंडाळलेले. तिच्या पलीकडचीचेही. कचेरीत थंडी नव्हती, खिडकीतून ऊन आत आलं होतं, पण एकीचाही हात बाहेर नव्हता. पाच वर्षं या बायांच्या मांडीला मांडी लावून ती हौदावर बसली होती. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या म्हशीचं काय, सगळं तिला ठाऊक होतं. आणि एवढी एक गोष्ट ठाऊक नव्हती. तिला एकदम रडू आलं, आणि रडता-रडताच हसूही येत होतं, कारण ती चिडीचूप सखूबाई आणि तिची ती बिरुबाची आन तिच्या डोळ्यांपुढं आली.

शिपायानं शांतलिंगचा दंड धरला.

आता गप्प बसलं तर शांतलिंग आत जातो. बोललं तर हात उघडा पडतो, तोही कल्याणप्पांच्या डोळ्यांदेखत. रुद्रम्मानं फार विचार केला असं म्हणता यायचं नाही. विचार करायला लागली असती तर ती उठलीच नसती.

"साहेब, त्याला सोडा," ती म्हणाली. "अंगठा त्येचा न्हाय."

"मग कुणाचा?" तहसीलदारांनी मराठीत विचारलं.

रुद्रम्मा सखूचं नाव घेणार नव्हती. ती अडखळली. तेवढ्यात मागून सिताबाईनं घाबऱ्या-घाबऱ्या उत्तर ठोकून दिलं.

"अंजम्माचा!"

"कौन अंजम्मा?" पेशकार ओरडला. "लिखो उसका नाम!"

शांतलिंगला शिपायानं धरलेलं होतं, तरी त्याला राहवलं नाही. "साहेब, अंजम्मा म्हणजे अंजुमन. बाया तसंच म्हनत्यात."

तहसीलदारांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यांच्या मिशा जरा हलल्या. "अंजुमनचा अंगठा," ते म्हणाले. "बरं. मग तुमचे अंगठे कुठं आहेत?"

रुद्रम्मा पुढं झाली. टेबलाशी उभी राहिली आणि तिनं पदर सोडला.

ती कुणाकडं बघत नव्हती. शाईच्या गादीवर तिनं डावा अंगठा टेकवला, चरचरलं, तिनं दात आवळले आणि समोरच्या कोऱ्या कागदावर तो दाबून उचलला. काळा गोळा. एक रेघ नाही.

"चुन्यानं खाल्लं, साहेब," ती म्हणाली. "मला वाटलं माजंच असं झालंय. लाज वाटली म्हनून दुसरीचा अंगठा आनला. गुन्हा माजा हाय. ह्या पोराचा न्हाय."

तिच्या मागं बांगड्या वाजल्या. सिताबाई उठली होती. तिनं शाईत अंगठा टेकवला आणि रुद्रम्माच्या गोळ्याखाली आपला गोळा उमटवला. मग तिसरी. मग चौथी. प्रत्येक बाई आपला गोळा उमटवायची आणि वरच्या गोळ्यांकडं डोळे फाडून बघायची. शेवटी नागूबाई आली. तिच्या हाताला शाई लावणं जमेना, कातडीच धड नव्हती. रुद्रम्मानं तिचं मनगट धरलं, चिंधीनं शाई टिपून अंगठ्याला लावली आणि तो कागदावर हलकेच टेकवला.

अकरा गोळे. पेशकारानं भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं. बघायला त्यात काही नव्हतं.

तहसीलदार कल्याणप्पांकडं वळले. "तुमच्याच कागदावर लावलेत," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर दुसरा कागदच नाही."

कल्याणप्पांची नजर रुद्रम्माच्या हातावर होती. तिलाही ते कळलं. आता नोकरी गेलीच आहे तर आणखी काय जायचं राहिलं, असं तिला वाटलं असावं. तिनं डावा तळहात त्यांच्यासमोर धरला, सकाळी पूजेला धरते तसाच.

"अप्पा, तुमीबी ह्याच हातावर लिंग घेता. म्याबी घेते. माज्याकडं त्येला ठिवाया जागा न्हाय उरली बगा."

कल्याणप्पांनी एकदा स्वतःच्या डाव्या तळहाताकडं बघितलं. मऊ, स्वच्छ हात. त्यांनी तो मिटून टोपीखाली घेतला.

तहसीलदारांनी पहिली दरखास्त बाजूला सारली. काळ्या गोळ्यांच्या कागदावर त्यांनी आपल्या हातानं शेरा लिहिला, आणि पेशकाराला तो मोठ्यानं वाचायला लावला, मग मराठीत स्वतः सांगितलं. या अकरा बाया माझ्यासमोर हजर होत्या. त्यांच्या अंगठ्यांवरच्या रेघा कामानं गेल्या आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सबब रेघांवाचून हे अंगठे खरे मानावेत.

परतीच्या वाटेवर बायांच्या गाडीत असा गलका होता की गाडीवानानं दोनदा बैल थांबवून मागं बघितलं. अकराजणींचे हात पदराबाहेर होते. या हाताची, त्या हाताची भेग बघायची, मोजायची, कुणाची मोठी म्हणून भांडायचं. माकणी जवळ आली तशी रुद्रम्मानं गाडी नदीच्या वरच्या अंगाला घ्यायला लावली. अकराजणी मेंढवाड्यावर चालून गेल्या.

"काय गं सटवे!" रुद्रम्मा लांबूनच ओरडली. "अकरा जनी तुज्याकडं आल्या आन् तू एकीलाबी बोलली न्हाईस?"

सखूबाई मेंढरांभोवतीच्या वाघरीची, जाळ्याची, गाठ मारत होती. "काय बोलनार? अकरा शपथा घातल्याव तुमी. त्यातली कंची मोडू?"

मग तिनं हळूच विचारलं, "मला धरून न्हेत्यात का आता?" आणि सगळ्या हसायला लागल्या. नागूबाईसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी रुद्रम्मा कामावर गेली ती बिल्ला परत द्यायच्या तयारीनं. महालिंगप्पानं बिल्ला घेतला नाही. हौदाशेजारी करडईच्या तेलाचा एक डबा ठेवलेला होता. कुणी ठेवला ते त्यानं सांगितलं नाही, आणि पाळीचंही नाव काढलं नाही. त्यासाठी हैदराबादेहून शिक्का यावा लागला, आणि त्याला सात महिने गेले. शिक्का आला त्या दिवशी मात्र कल्याणप्पा शब्दाप्रमाणे अंजुमनशी बोलायला बसले. बोलणं तासाभरात आटपलं. पाळी लागली. नागूबाई निवडीवर परत आली. बोटं वाकत नसत, ती तळव्यांनी चिंध्या सारायची.

तिथून पुढं दरवर्षी चंपाषष्ठीनंतर शांतलिंग मेंबरांची यादी नव्यानं करी आणि बाया तिच्यावर अंगठे लावत. पहिल्या वर्षी पुन्हा सगळे गोळेच. दुसऱ्या वर्षी रुद्रम्मानं अंगठा उचलला आणि शांतलिंग म्हणाला, "अक्का, थांब." त्यानं कागद उजेडात धरला. गोळ्याच्या कडेला चार-पाच रेघा होत्या, बारीक, लहान लेकराच्या असतात तशा.

रुद्रम्मा तो कागद शाईच्या चिंधीसकट हिसकावून जी निघाली ती थेट मेंढवाड्यावर. सखूबाईपुढं तिनं तो धरला आणि ऐटीत म्हणाली, "हे बग. आला माजा. घे, तुजा तुला परत."

सखूबाईनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण अंगठे तिला कळत होते. एकेकीच्या गोळ्यावरून तिनं बोट फिरवलं. कुणाला दोन रेघा, कुणाला सहा. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"ही नागूबाई व्हय?"

"व्हय."

त्या ओळीत नुसता काळा डाग होता. रुद्रम्माची ऐट उतरली. "तिचा न्हाय येनार आता," ती म्हणाली. "लई आत गेलंय तिचं."

सखूबाईनं कागद मांडीवर नीट पसरला. मग तिनं रुद्रम्माच्या हातातली शाईची चिंधी काढून घेतली, डावा अंगठा तिच्यावर दाबला आणि नागूबाईच्या डागाशेजारी, आडव्या वणासकट, नीट उमटवला.

"तिच्याकडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला मेंढरं राखाया कुटं अंगठा लागतुया?"